चीनमधले जुने पॅगोडे आणि स्मृतिमनोरे: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

चीनहून आल्यापासून ओळखीतले लोक सारखे फोन करून विचारतात, शिआनला काय बघू, तो वाकडा मनोरा कुठला, गुडघे दुखतात तर चढता येईल का, आणि दरवेळी मी अर्धवटच सांगते आणि फोन ठेवल्यावर आठवतं की अरे महत्त्वाचं तर राहूनच गेलं. म्हणून एकदाच सगळं लिहून काढलंय. वेळ नसेल तर शिआनचा, यिंगशियानचा आणि डॉ. कोटणीसांचा प्रश्न तेवढा वाचा, बाकीचं निवांत वाचलंत तरी चालेल.

पॅगोडा म्हणजे देऊळ का? आत देव असतो का?

देऊळ नाही. पॅगोडा म्हणजे आपला स्तूपच. भारतातून बौद्ध धर्म गेला तेव्हा स्तूपाची कल्पना सोबत गेली, आणि चीनमध्ये आधीपासून जे मजल्यामजल्यांचे लाकडी टेहळणीचे मनोरे होते त्यांच्या डोक्यावर हा स्तूप जाऊन बसला. चिनी भाषेत त्याला 'ता' म्हणतात, आणि तो शब्दही 'थूप' किंवा 'स्तूप' यावरूनच गेलाय. पॅगोडा हा शब्द आपल्याकडे आला तो पोर्तुगीज-इंग्रजांमार्फत.

खरं वाटत नसेल तर कुठल्याही पॅगोड्याच्या अगदी टोकाकडे बघा. तिथे एक उलटा वाडगा दिसेल, त्यावर चकत्यांची उतरंड आणि सगळ्यात वर मणी. आता कार्ल्याचं किंवा भाज्याचं चैत्यगृह आठवा, अंड म्हणजे गोल घुमट, त्यावर हर्मिका म्हणजे चौकोनी कठडा, वर छत्र. तेच ते! आपल्याकडे जे जमिनीवर बसलेलं आहे ते तिकडे साठ मीटर वर जाऊन बसलंय, एवढाच फरक. मला हे पहिल्यांदा कळलं तेव्हा अंगावर काटा आला होता.

आणि हो, गोराईचा ग्लोबल विपश्यना पॅगोडा बघितला असेल तर तो ब्रह्मदेशी धाटणीचा आहे, चीनमधले तसे दिसत नाहीत.

मग आत ठेवलेलं काय असतं?

अस्थी, ग्रंथ, मूर्ती, क्वचित एखाद्या भिक्षूची रक्षा. आपल्या स्तूपात धातुकरंडक, म्हणजे अस्थींची डबी, स्तूपाच्या पोटात असतो, चीनमध्ये मात्र बऱ्याचदा तो पायाखाली तळघरात पुरतात. त्या तळघराला 'दीगोंग' म्हणतात, म्हणजे जमिनीखालचा महाल. वरचा मनोरा पडला, जळला, लुटला गेला तरी खालचं शाबूत राहतं. शिआनपासून शंभरेक किलोमीटरवर फामेन मंदिर आहे, तिथला मिंग राजवटीतला (चौदावं ते सतरावं शतक) पॅगोडा १९८१ च्या पावसात अर्धा उभा चिरून कोसळला, अर्धा तसाच उभा. १९८७ मध्ये दुरुस्तीसाठी पाया उकरला तर खाली थांग राजवटीतलं (सातवं ते दहावं शतक) बंद तळघर निघालं, सोन्याचांदीची भांडी, रेशीम, काच आणि एकात एक बसवलेल्या पेट्यांमध्ये बुद्धाच्या बोटाचं म्हणून पूजलं जाणारं हाड. हजाराहून जास्त वर्षं कोणी हात लावला नव्हता! आता शेजारी नमस्कारासाठी जोडलेल्या हातांच्या आकाराची १४८ मीटरची नवी इमारत आहे, ती भव्य आहे पण माझा जीव त्या तळघराच्या म्युझियममध्येच रमला.

एकच पॅगोडा बघायला वेळ आहे, कुठला बघू?

शिआनचा मोठा हंस पॅगोडा, चिनी नाव दायान ता. आणि हे मी मराठी माणूस म्हणून सांगतेय.

शाळेत युआन श्वांग शिकलेलो आठवतो ना, काही पुस्तकांत ह्युएनत्संग असतं, तोच. हा माणूस ६२९ च्या सुमारास परवानगी नसताना चीनमधून निघाला, वाळवंट आणि डोंगर ओलांडून भारतात आला, नालंदेत शिकला, देशभर फिरला आणि ६४५ मध्ये ६५७ ग्रंथ घेऊन परत गेला. आग आणि चोरीपासून हे ग्रंथ वाचवायला पक्की जागा हवी म्हणून ६५२ मध्ये हा पॅगोडा बांधला. त्याला खरं तर दगडाचा प्रचंड मोठा मनोरा हवा होता, बादशहा म्हणाला एवढा नको, विटांचा करा. मग स्वतः युआन श्वांग टोपल्या भरभरून विटा वाहायला उभा राहिला अशी त्याच्या चरित्रात नोंद आहे, आणि तेव्हा तो पन्नाशीचा होता!

आता आपला संबंध. भारतात फिरताना हा साधारण ६४१ च्या आसपास महाराष्ट्रात आला होता. पुलकेशी दुसरा तेव्हा राजा, ज्याने हर्षवर्धनाला अडवलं तोच. युआन श्वांगने लिहिलंय की इथली माणसं मानी आहेत, उपकार करणाऱ्याला विसरत नाहीत, अपमान केला तर जिवावर उदार होऊन सूड घेतात, आणि कोणी अडचणीत मदत मागितली तर स्वतःचं भान विसरून धावतात. राज्याच्या पूर्वेकडच्या डोंगरात एक मोठा विहार आहे, दारात दोन्ही बाजूंना दगडी हत्ती आहेत असंही लिहिलंय, आणि अभ्यासक ते वर्णन अजिंठ्याचं मानतात. म्हणजे ज्या माणसाने अजिंठ्याचं वर्णन लिहून ठेवलं त्याने भारतातून नेलेल्या पोथ्यांसाठी हा मनोरा उभा केला. आपण तिथे परके नाही हो!

सुरुवातीला पाच मजले होते, पन्नासेक वर्षांत खराब झाला, मग ७०४ मध्ये सम्राज्ञी वू झत्येनच्या काळात नव्याने बांधला. आज सात मजले, ६४ मीटर, चौकोनी, एकदम साधा. पिवळट राखाडी विटा, नक्षी जवळजवळ नाहीच. लांबून बघून काही जणांना वाटतं हे काय, एवढंच? जवळ जा. तळमजल्यावर दक्षिणेच्या दाराला दोन्ही बाजूंना कोनाड्यात दोन काळे शिलालेख आहेत, ६५३ चे, अक्षर छू सुईल्यांग या नामांकित सुलेखनकाराचं. एक लेख बादशहा थायत्सोंगचा, दुसरा त्याच्या मुलाचा, युआन श्वांगच्या भाषांतरांच्या निमित्ताने लिहिलेले. जाळीतून बघावं लागतं, डोळ्यांवर हात धरून काचेला नाक लावल्यासारखं उभं राहायचं, मग अक्षरांचे बारीक फटकारे दिसायला लागतात. मी तिथे वीस मिनिटं होते, मागचे लोक चुळबुळ करत होते, पण पाय निघेना.

हंस कुठून आला नावात?

गोष्ट मगधातली आहे, युआन श्वांगनेच लिहून ठेवलेली. एका विहारातले भिक्षू मांस खायचे, एक दिवस काहीच मिळालं नाही. वरून हंसांचा थवा चालला होता, ते बघून एक जण गमतीत म्हणाला की आज भिक्षूंना जेवण नाही, बोधिसत्त्वांना कळायला हवं. तेवढ्यात एक हंस थव्यातून सुटून त्यांच्यापुढे पडला आणि मेला. सगळे वरमले, मांस सोडलं, आणि त्या हंसाला पुरून वर स्तूप बांधला. एका पक्ष्याचा स्मृतिस्तूप! शिआनच्या पॅगोड्याचं नाव याच गोष्टीवरून आलं असं बहुतेक जण मानतात.

लहान हंस पॅगोडा वेगळा आहे का? दोन्ही बघावेत का?

वेगळा आहे, आणि बघाच. ७०७ ते ७०९ मध्ये बांधलेला, ४३ मीटर, मोठ्यापेक्षा नाजूक, पाखे एकावर एक दाट बसवलेले. इत्सिंग नावाचा दुसरा भिक्षू, जो समुद्रमार्गे नालंदेला येऊन राहिला होता, त्याने इथल्या मंदिरात भाषांतराचं काम केलं.

याची भेगेची गोष्ट ऐका. १४८७ च्या भूकंपात मनोऱ्याला वरपासून खालपर्यंत हातभर रुंद चीर पडली, आरपार उजेड दिसायचा. १५२१ मध्ये पुन्हा भूकंप झाला आणि ती चीर बंद झाली, रात्रीतून, जणू कोणी दोन्ही हातांनी दाबून मिटवली. हे तिथे दाराच्या वरच्या दगडावर सोळाव्या शतकात कोरून ठेवलंय. पुढे १५५६ चा जो महाभयंकर भूकंप झाला त्यात वरचे दोन मजले गेले, म्हणून पंधराचे तेरा राहिले आणि शेंडा आजही तुटका आहे. मला तो तुटका शेंडाच आवडतो, नवा लावला नाही हे फार बरं केलं. पाया खाली ठोकून घट्ट केलेल्या मातीचा, अर्धगोल आहे, डोलणाऱ्या बाहुलीच्या बुडासारखा, त्यामुळे धक्का पसरतो आणि मनोरा उभा राहतो असं सांगतात.

मोठ्याभोवती मॉल, कारंजी, गर्दी, सेल्फी. लहानाच्या आवारात झाडं आणि शांतता. सकाळी लहान, संध्याकाळी मोठा असं केलंत तर उत्तम. दोन्ही २०१४ पासून रेशीम मार्गाच्या जागतिक वारशात आहेत.

युआन श्वांगची समाधी कुठे आहे?

शिआनच्या दक्षिणेला साधारण वीस किलोमीटरवर शिंगज्याव मंदिरात. ६६४ मध्ये तो वारला, ६६९ मध्ये अस्थी इथे आणल्या आणि पाच मजली मनोरा बांधला, जेमतेम २१ मीटर. शेजारी त्याच्या दोन शिष्यांचे आणखी छोटे मनोरे, एक ख्वेजी आणि दुसरा कोरियाहून आलेला वोनचुक. गुरू मध्ये, शिष्य दोन्ही बाजूंना. आमच्या टूरच्या यादीत हे नव्हतं, मी टॅक्सी करून एकटी गेले. एक आजीबाई मनोऱ्याला प्रदक्षिणा घालत होत्या, हातात माळ, मला बघून त्यांनी मानेनेच खूण केली की ये, उजवीकडून. मी त्यांच्यामागून तीन फेऱ्या घातल्या. आम्हा दोघींना एकमेकींचा एक शब्द कळत नव्हता, पण प्रदक्षिणा दोघींनाही येत होती.

सगळ्यात जुना पॅगोडा कुठला?

विटांचा उभा असलेला सगळ्यात जुना म्हणजे हेनान प्रांतात तंगफंगजवळचा सोंगयुए पॅगोडा, ५२३ सालचा. म्हणजे पंधराशे वर्षांचा! बारा बाजू आहेत, असा दुसरा जुना पॅगोडा चीनमध्ये नाही, आणि बाहेरची रेघ मक्याच्या कणसासारखी हळूहळू आत वळत जाते. आत चढता येत नाही, बाहेरूनच बघायचा.

याच भागात शाओलिन मंदिर आहे. लोक कुंगफूचा शो बघून निघून येतात, तसं करू नका. चालत थोडं पुढे 'पॅगोड्यांचं वन' आहे, सव्वादोनशेच्या वर छोटे छोटे मनोरे, प्रत्येक एकेका भिक्षूची समाधी. कोणाचा एक थर, कोणाचे सात, ज्याचं जेवढं मोठेपण तेवढा मनोरा. हे सगळं मिळून २०१० मध्ये जागतिक वारसा झालं.

पूर्ण लाकडाचा पॅगोडा आहे म्हणे, तो कुठे?

शान्शी प्रांतात यिंगशियानला, दातोंगपासून साधारण सत्तर-पंचाहत्तर किलोमीटर. (शिआन ज्या शान्शीत आहे तो प्रांत वेगळा, मराठीत नावं सारखीच दिसतात, तिकीट काढताना गोंधळू नका.) माझं मत विचाराल तर माणसाच्या हातून लाकडात झालेल्या कामांत याच्या तोडीचं थोडंच काही असेल.

१०५६ साली ल्याओ राजवटीत (तेव्हा चीनच्या उत्तर भागावर राज्य करणारं घराणं) बांधला, ६७ मीटरच्या वर उंच, अष्टकोनी. बाहेरून पाच मजले दिसतात पण दोन मजल्यांच्या मध्ये एकेक लपलेला मजला आहे, असे चार, म्हणजे खरे नऊ. हे लपलेले मजले आतून आडव्यातिडव्या तुळयांनी आवळलेत आणि ते पिंपाला लोखंडी कडी घालावी तसं काम करतात, मनोरा फाकू देत नाहीत. खांबाच्या डोक्यावर लाकडी ठोकळे आणि हात एकात एक अडकवून वर छपराचं वजन पेललंय, त्याला 'दोउगोंग' म्हणतात. इथे ते चोपन्न प्रकारचे आहेत! भूकंपात प्रत्येक सांधा थोडा थोडा सरकतो, करकरतो आणि परत बसतो. ताठ असता तर केव्हाच मोडला असता.

याच्या शोधाची हकिगत मला फार आवडते. ल्यांग स्सछंग नावाचे वास्तुअभ्यासक होते, १९३० च्या दशकात जुन्या इमारती हुडकत गावोगाव फिरायचे. त्यांना या लाकडी मनोऱ्याविषयी ऐकून माहीत होतं पण तो अजून उभा आहे का हे कळायला मार्ग नव्हता. मग त्यांनी पत्र टाकलं, पत्ता काय तर 'यिंगशियानमधला सगळ्यात चांगला फोटो स्टुडिओ'. गावात स्टुडिओ असेल की नाही हेही माहीत नाही! आणि फोटो आला. स्टुडिओवाल्याने मोबदला काय मागितला, तर पेकिंगच्या, म्हणजे आजच्या बीजिंगच्या, दुकानातला पत्र लिहायचा कागद. १९३३ मध्ये ल्यांग तिथे पोचले, माप घ्यायला शिखराच्या लोखंडी साखळ्या धरून लोंबकळत वर गेले.

त्याआधी १९२६ मध्ये सेनापतींच्या आपसातल्या लढाईत याच्यावर दोनशेच्या वर तोफगोळे पडले होते, तरी उभा राहिला. १९७४ मध्ये आतल्या मूर्तींच्या पोटातून ल्याओ काळातले छापील ग्रंथ निघाले.

आता वाईट बातमी, वरचे मजले बंद आहेत. दुसरा मजला एका बाजूला झुकलाय आणि दुरुस्ती कशी करायची यावर तज्ज्ञांचा वाद कित्येक वर्षं चालू आहे, उलगडून पुन्हा बांधायचा की आहे तसा आधार द्यायचा. तळमजल्यावर ११ मीटरची शाक्यमुनींची, म्हणजे गौतम बुद्धांची, मूर्ती आहे, ती बघता येते. मग बाहेर येऊन बाकावर बसा आणि वर बघा, पाकोळ्या भिरभिरत असतात. त्या लाकडाच्या फटींत घरटी करतात, आणि गावातली माणसं सांगतात की त्याच किडे खाऊन मनोरा सांभाळतात.

कायफंगचा लोखंडी पॅगोडा खरंच लोखंडाचा आहे का?

नाही हो. चकचकीत तपकिरी विटांचा आहे, लांबून गंजलेल्या लोखंडासारखा रंग दिसतो म्हणून ते नाव. १०४९ सालचा, तेरा मजले, ५५ मीटरच्या वर. प्रत्येक विटेवर काहीतरी आहे, उडत्या अप्सरा, ड्रॅगन, सिंह, वाद्यं वाजवणारे, बसलेले बुद्ध. एका जागी उभं राहून हाताच्या उंचीवरचे पाच-सहा थर नीट बघा, कंटाळा येणार नाही.

याच्या आधी इथे यू हाओ नावाच्या सुताराने बांधलेला लाकडी मनोरा होता. पूर्ण झाला तर तो वायव्येला कललेला! लोकांनी विचारलं तर तो म्हणाला, इथे डोंगर नाही, वायव्येचा वारा सतत लागतो, शंभर वर्षांत तो वाराच याला सरळ करेल. केवढा तो आत्मविश्वास! पण शंभर वर्षं मिळालीच नाहीत, १०४४ मध्ये वीज पडून जळाला. म्हणून पुढचा विटांचा केला. तो मात्र भूकंप, पीत नदीचे पूर, १९३८ चे जपानी तोफगोळे सगळं सोसून उभा आहे, आणि त्याचा चौथरा पुराच्या गाळात गाडला गेलाय, म्हणजे आपण बघतो ती पूर्ण उंची नाहीच. आतला जिना अंधारा आणि इतका अरुंद की दोन्ही खांदे भिंतीला घासतात. बंद जागेची भीती असेल तर जाऊ नका, खालूनही समाधान होतं.

मजले नेहमी विषमच का असतात?

चिनी विचारात विषम आकडे 'यांग', म्हणजे आकाशाकडचे, आणि सम आकडे 'यिन', जमिनीकडचे. म्हणून मजले सात, नऊ, तेरा आणि बाजू चार, आठ. अपवाद बघायचा तर युन्नानमधल्या दालीला जा, तिथल्या तीन पॅगोड्यांपैकी मोठ्याला सोळा मजले आहेत आणि बाजूच्या दोघांना दहा-दहा. तो नानझाव नावाच्या वेगळ्या राज्याचा, नवव्या शतकातला, ६९ मीटर, पांढरा, मागे डोंगर. सुंदरच आहे.

पिसासारखा कलता मनोरा कुठला?

सुचौच्या टायगर हिलवरचा. ९६१ मध्ये पूर्ण झाला, सात मजले, ४७ मीटर, शेंडा दोन मीटरच्या वर सरकलाय. कारण साधं आहे, पायाचा एक भाग खडकावर आणि एक भाग भरावाच्या मातीवर, माती दबली आणि मनोरा कलला. शांघायहून फास्ट ट्रेनने अर्ध्या तासात सुचौ, तेव्हा सोडू नका.

हांगचौचा लैफंग पॅगोडा नवा बांधलाय म्हणतात, मग बघण्यात अर्थ आहे का?

हा प्रश्न फार लोक विचारतात आणि माझं उत्तर आहे, हो, पण काय बघताय ते माहीत असू द्या.

मूळ मनोरा दहाव्या शतकातल्या वूयुए राज्याच्या राजाने बांधला. सोळाव्या शतकात समुद्री चाच्यांनी जाळला, लाकडी सज्जे गेले, विटांचा गाभा उरला. मग लोकांत समजूत पसरली की इथली वीट घरात ठेवली की बरकत येते, रेशमाचे किडे चांगले होतात, मूल होतं. एकेक जण येऊन खालून एकेक वीट काढून न्यायला लागला. शेकडो वर्षं हे चाललं आणि २५ सप्टेंबर १९२४ ला दुपारी सगळा मनोरा खाली बसला. श्रद्धेनेच पाडला की तो! पडल्यावर विटांच्या पोकळीत छापील धारणीसूत्रं, म्हणजे बौद्ध मंत्रांचे पाठ, निघाली, ९७५ सालची. त्यात भर पांढऱ्या नागिणीच्या लोककथेची, मानवी नवऱ्यावर प्रेम करणाऱ्या बाय सुचनला फाहाय नावाच्या भिक्षूने याच मनोऱ्याखाली कोंडलं होतं म्हणे, त्यामुळे मनोरा पडला तेव्हा ती सुटली असंच लोकांना वाटलं.

आजचा मनोरा २००२ चा आहे, लिफ्ट आणि सरकते जिनेही आहेत. पण तळाला काचेमागे जुन्या विटांचा ढिगारा जसाच्या तसा ठेवलाय, तो बघा, वेळ तिथे द्या. वरून पश्चिम सरोवर दिसतं ते बोनस.

असंच वूहानच्या यलो क्रेन टॉवरचं. पॅगोडा नाही तो, कवींचा मनोरा म्हणा हवं तर. गोष्ट तिसऱ्या शतकापासूनची पण कित्येकदा जळला, आताचा १९८५ चा सिमेंटचा, आणि मूळ जागा यांगत्से नदीवरच्या पुलात गेल्यामुळे थोडा लांब सरकवलेला. नानजिंगचा चिनी मातीचा मनोरा तर १८५६ मध्ये युद्धात पार नाहीसा झाला, तिथे आता पोलाद आणि काचेची नवी इमारत आहे. चीनमध्ये जुनी जागा, जुनं नाव आणि नवं बांधकाम यात लोकांना विसंगत वाटत नाही, आपल्याकडे जीर्णोद्धार करतात ना, तसंच ते. फक्त तिकीट काढताना हा खरा जुना आहे की जीर्णोद्धार ते विचारून घ्या म्हणजे मागून फसल्यासारखं वाटत नाही.

हांगचौलाच नदीकाठी ल्युहे पॅगोडा आहे, तो खरा जुना, बाराव्या शतकातला, बाहेरून तेरा पाखे आणि आत सातच मजले. छ्यांथांग नदीची भरतीची लाट शांत व्हावी म्हणून बांधला आणि रात्री दीपस्तंभ म्हणून वापरला.

हिंदू मूर्ती असलेला पॅगोडा आहे का चीनमध्ये?

पॅगोड्यावर नाही पण त्याच आवारात आहेत. फुजियानमधलं छ्वानचौ हे जुनं मोठं बंदर, तिथल्या कायय्वान मंदिरात तेराव्या शतकातले दोन दगडी पॅगोडे आहेत, ४८ आणि ४४ मीटर, आणि एकावर माकडाच्या तोंडाचा योद्धा कोरलाय. मुख्य मंदिराच्या मागच्या बाजूला दोन खांब शोधा, त्यावर नरसिंह आणि कृष्ण आहेत, तमिळ व्यापाऱ्यांच्या मोडलेल्या देवळातून आणून लावलेले. आणि बीजिंगचा म्याओयिंग मंदिराचा पांढरा पॅगोडा तर नेपाळच्या अरनिको नावाच्या कारागिराने कुबलाई खान या मंगोल बादशहासाठी बांधला, १२७१ ते १२७९, ५१ मीटर, दिसतोही थेट काठमांडूसारखा.

डॉ. कोटणीसांचं स्मारक कुठे आहे? तिकडे एखादा पॅगोडा जोडून होईल का?

होईल, आणि जोडाच. माझं माहेर सोलापूरचं, त्यामुळे हा प्रश्न आला की मी जरा जास्तच बोलते.

द्वारकानाथ कोटणीस, जन्म सोलापूर १९१०. १९३८ मध्ये काँग्रेसने पाठवलेल्या पाच डॉक्टरांच्या पथकातून गेले, जपानी आक्रमणाविरुद्धच्या युद्धात आघाडीवर शस्त्रक्रिया करत राहिले, तिथल्याच क्वो छिंगलान या नर्सशी लग्न केलं, मुलाचं नाव ठेवलं यिनहुआ, म्हणजे भारत-चीन. ९ डिसेंबर १९४२ ला हपै प्रांतातल्या थांग तालुक्यात वारले, वय फक्त ३२. समाधी आता शिच्याच्वांग शहरातल्या हुतात्म्यांच्या स्मशानभूमीत आहे. मनोरा नाही, साधी समाधी आणि पुतळा, त्याच युद्धात काम केलेले कॅनडाचे सर्जन डॉ. बेथून यांचंही स्मारक त्याच आवारात. मी सोलापुरी चादरीचा छोटा तुकडा सोबत नेला होता, समाधीवर दोन मिनिटं ठेवला आणि परत घेतला. झाडू मारणाऱ्या काकांनी माझ्याकडे बोट करून विचारलं 'यिंदू?', म्हणजे भारत का, मी हो म्हटल्यावर त्यांनी झाडू बाजूला ठेवला आणि समाधीपुढची पानं हातांनी गोळा केली.

आता पॅगोडे. शिच्याच्वांगच्या उत्तरेला अगदी जवळ झंगदिंग हे जुनं तटबंदीचं गाव आहे, तिथे एकाच दिवसात चार पॅगोडे पायी होतात. छंगलिंग हा लिंजी या झेन गुरूंचा स्मृतिमनोरा, जपानमधला रिन्झाई पंथ यांचाच, त्यामुळे तिकडून भाविक येतात. हुआ पॅगोडा तर वरच्या भागात हत्ती, सिंह, बुद्धांनी खच्चून भरलेला, फुलांच्या परडीसारखा. आणि ट्रेनने पुढे दिंगचौ, तिथला ल्याओदी पॅगोडा ८४ मीटर, चीनमधला विटांचा सगळ्यात उंच जुना पॅगोडा, १००१ ते १०५५ अशी पंचावन्न वर्षं बांधत होते. नावाचा अर्थच शत्रूवर नजर ठेवणारा, कारण सरहद्द जवळ होती आणि सैनिक वरून ल्याओंच्या फौजा बघायचे. आत भारतातून आणलेल्या अस्थी. १८८४ मध्ये एक बाजू ढासळली होती, नंतर पुन्हा बांधली. दिंगचौला लागूनच थांग तालुका, जिथे डॉ. कोटणीस वारले. त्यांनी हा मनोरा बघितला असेल का असा विचार मी तिथे उभी राहून करत होते.

सैनिकांच्या आठवणीसाठी बांधलेला पॅगोडा असतो का?

नानजिंगचा लिंगू पॅगोडा, चिनी प्रजासत्ताकाचे संस्थापक सन यत्सेन यांच्या समाधीजवळच्या डोंगरात. १९३० च्या आसपासचा, राष्ट्रीय सेनेच्या मृत सैनिकांसाठी. नऊ मजले, सिमेंट-दगडाचा, आराखडा हेन्री मर्फी या अमेरिकन आर्किटेक्टचा. गोल जिन्याने वर जाता येतं, वरून सगळं हिरवं जंगल.

तिकीट, जेवण, गुडघे, सीझन, सगळं एकदम सांगा.

पासपोर्ट कायम जवळ ठेवा, तिकीट त्यावरच मिळतं, बऱ्याच ठिकाणी आवाराचं तिकीट वेगळं आणि वर चढायचं वेगळं. पैसे फोनवरूनच चालतात, अलीपे किंवा वीचॅट घरूनच सेट करून जा, तिथे जाऊन धावपळ होते. ऑक्टोबरचा पहिला आठवडा आणि चिनी नववर्ष टाळा, मुंगीला शिरायला जागा नसते. एप्रिल-मे किंवा ऑक्टोबरचा शेवट उत्तम. मोठ्या मंदिरांत शाकाहारी भोजनालय असतं, 'सू' असं विचारा, टोफू आणि मश्रूमचं जेवण छान मिळतं, कांदा-लसूणही नसतो. दाण्याची चटणी न्या तरी.

गुडघे दुखत असतील तर मोठ्या हंस पॅगोड्याच्या अडीचशेच्या आसपास पायऱ्या आहेत, लाकडी जिना, तिसऱ्या मजल्यापर्यंत जाऊन परत या. लैफंगला लिफ्ट आहे. यिंगशियान आणि सोंगयुएला वर जायचंच नाहीये, त्यामुळे तो प्रश्नच मिटला.

किती दिवस काढू?

फक्त शिआन आणि फामेन, चार दिवस. यिंगशियानसाठी दातोंगला दोन रात्री ठेवा, युनगांगच्या लेण्यांनाही एक दिवस लागतोच, आपल्या लेण्यांची सवय असलेल्या माणसाला तिथे घरच्यासारखं वाटतं. शिच्याच्वांग, झंगदिंग, दिंगचौ मिळून तीन. शांघायला कामासाठी जाणारे असाल तर एक शनिवार सुचौ, एक रविवार हांगचौ. आणि शिआनला एक सकाळ शिंगज्यावसाठी राखून ठेवा, टॅक्सीवाल्याला थांबायला सांगा, परतीची गाडी तिथे पटकन मिळत नाही.